'थांबणे' : एका क्रियेचा शब्देतिहास

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'स्टॉप' या शब्दासमोर 'थांबणे, थांबवणे' असे अर्थ दिलेले असतात आणि वर्गातील विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातो. अडचण सुरू होते ती वाक्य मराठीत उतरवताना. घड्याळ थांबत नाही, ते 'बंद पडते'. वाढ 'खुंटते', काम 'खोळंबते', पाणी 'तुंबते', सभा 'तहकूब होते', वारी 'विसावते', पगार 'थकतो' आणि बैल 'अडतो'. या सर्व ठिकाणी इंग्रजी भाषकाचे एका शब्दावर भागू शकते. मराठी भाषकाला मात्र प्रत्येक वेळी काय थांबले, का थांबले आणि कोणी थांबवले याचा विचार करूनच क्रियापद निवडावे लागते. याला शब्दसमृद्धी म्हणून गौरवणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हे शब्द आले कोठून, आणि ते एकमेकांच्या जागी वापरले तर नेमके काय हरवते?

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठीतील थांबण्याच्या शब्दांची दोन मोठी कुळे आहेत. एका कुळाच्या मुळाशी 'उभे राहणे' आहे, दुसऱ्याच्या मुळाशी 'बंद करणे, बुजवणे, अडकवणे'. पहिल्या कुळात थांबणारा स्वतः कर्ता असतो. दुसऱ्यात तो बहुधा कोणाच्या तरी कृतीचा विषय असतो. गेल्या दोन शतकांत मुद्रण, न्यायालय, एसटी, संप आणि धरण या प्रत्येक क्षेत्राने या दोन कुळांतून आपापली निवड केली. त्या निवडीला इतिहास आहे, आणि काही ठिकाणी त्या इतिहासात माणसांचे जगणे-मरणही गुंतलेले आहे.

बूच आणि खांब

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. 'स्टॉप' या शब्दाची रूढ व्युत्पत्ती उत्तरकालीन लॅटिनमधील 'स्टुप्पारे' या क्रियापदापर्यंत नेली जाते. 'स्टुप्पा' म्हणजे जाडाभरडा ताग, अंबाडीचा चोथा. तो कोंबून भोक बंद करणे हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. जुन्या इंग्रजीतही हा शब्द छिद्र बुजवण्याच्या अर्थानेच येतो. चालत्या वस्तूला रोखणे हा अर्थ त्याला बराच नंतर, मध्ययुगाच्या अखेरीस, चिकटला. बाटलीच्या बुचाला 'स्टॉपर' का म्हणतात, तात्पुरत्या सोयीला 'स्टॉपगॅप' का म्हणतात, हे यावरून उलगडते. जर्मन भाषेतील सगोत्र शब्द 'श्टोप्फेन' आजही कोंबणे आणि मोजे रफू करणे या अर्थांनी वापरला जातो. म्हणजे इंग्रजीने थांबण्याची कल्पना गळती बंद करण्यावरून केली.

मराठीची कल्पना वेगळी आहे. 'थांबणे' हे क्रियापद संस्कृत 'स्तम्भ्' या धातूपासून प्राकृतातील 'थंभ' या रूपाद्वारे आले. स्तंभ म्हणजे खांब. (आपला 'खांब' मात्र 'स्कम्भ' या जुळ्या शब्दापासून आला आहे.) थांबणे म्हणजे खांबासारखे स्थिर उभे राहणे. 'स्तंभित होणे' आणि वृत्तपत्रातील 'स्तंभ' ही त्याच घरातील मंडळी. 'स्था' या धातूचा परिवार याहून मोठा आहे. ठाकणे, ठाणे, ठाण मांडणे, ठिय्या देणे हे सगळे त्यातले. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात 'स्था' धातूच्या जागी येणाऱ्या रूपांत 'थक्क' हे रूप दिले आहे. त्याचाच वंशज बंगालीत 'थाका' म्हणजे राहणे या अर्थाने नांदतो. मराठीत मात्र 'थकणे' दमण्याकडे वळले. मूळ अर्थ पूर्णपणे गेला नाही. 'थकबाकी' या शब्दात दमण्याचा काही संबंध नसून देणे जागच्या जागी उभे आहे, एवढेच सांगितलेले असते.

शेजारच्या गुजरातीत एखाद्याला थांबवायचे तर 'ऊभा रहो' म्हणतात. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या परिसरात गुजर बोली, अहिराणी आणि भिली बोली यांच्या सहवासात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. उभे राहणे म्हणजे थांबणे, हे समीकरण त्याच्या कानात आधीच असते.

गंमत अशी की फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांचाही एक मोठा गट याच समीकरणाचा आहे. 'मुक्काम' हा अरबी 'मकाम'पासून आला. त्याचा शब्दशः अर्थ उभे राहण्याची जागा. 'मोकूब' हे 'मौकूफ' या शब्दाचे मराठी रूप. त्याच्या अरबी धातूचा अर्थ थांबणे, उभे राहणे असाच आहे, आणि 'वक्फ' हा शब्दही त्याच धातूचा : ज्या मालमत्तेचे हस्तांतरण थांबवून ती धर्मकार्यासाठी स्थिर केली आहे, ती. इंग्रजी न्यायालयांनी आणलेला 'स्टे' हा शब्दही लॅटिन 'स्टारे', म्हणजे उभे राहणे, या क्रियापदातून फ्रेंचमार्गे आला. संस्कृत 'स्था' आणि लॅटिन 'स्टारे' ही एकाच मुळाची रूपे. तेव्हा तालुक्याच्या न्यायालयाबाहेर एखादा शेतकरी 'स्टे मिळाला' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत आपल्याच 'ठाण्या'च्या एका दूरच्या आप्ताचे नाव घेत असतो.

गोठा, पागा आणि दार

दुसरे कुळ अडवण्याचे. येथे मराठीची खरी श्रीमंती दिसते, आणि ती शेतकऱ्याच्या व स्वाराच्या घरातून आलेली आहे. 'खीळ बसणे' यात खिळा आहे, 'खुंटणे' यात खुंट. 'वेसण घालणे' बैलाच्या नाकातून आले, 'लगाम' घोड्याच्या तोंडातून. 'पायबंद' म्हणजे घोड्याचे पाय बांधण्याची दोरी. फारसीत शब्दाची दोन्ही अंगे स्वच्छ दिसतात. 'पाचर मारणे' सुताराचे, 'बांध घालणे' शेताचे, 'अडसर' दाराचा. 'तुंबणे' मात्र थेट पाण्याचे, आणि 'स्टॉप'च्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचे. 'बंद' हा फारसी शब्द संस्कृत 'बंध'चा भाऊ. बांधणे आणि मिटणे हे दोन्ही अर्थ तो आपल्याबरोबर घेऊन आला.

या कुळातील एका शब्दाकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. 'स्थगित' हा शब्द दिसायला 'स्था'च्या घरातला वाटतो, पण तो 'स्थग्' या वेगळ्या धातूचा आहे. त्याचा जुना अर्थ झाकणे, लपवणे. शासकीय मराठीत 'निर्णय स्थगित करण्यात आला आहे' हे वाक्य आपण नेहमी वाचतो. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ 'निर्णय झाकून ठेवण्यात आला आहे' असा होतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे खरे. पण कधीकधी ती व्यवहाराचे वर्णन शब्दार्थापेक्षा नेमके करते.

विधिमंडळाच्या भाषेने या शब्दांत एक उपयुक्त भेद राखला आहे. दिवसाचे किंवा काही काळाचे कामकाज थांबते तेव्हा ते 'तहकूब' होते. अधिवेशनच संपवले जाते तेव्हा ते 'संस्थगित' होते. आणि एखादा सदस्य किंवा कर्मचारी 'निलंबित' होतो, म्हणजे टांगून ठेवला जातो. तीन क्रिया, तीन शब्द. परिभाषा म्हणून त्यांची कितीही थट्टा झाली, तरी भेद टिकवण्याचे काम त्यांनी केले आहे.

मुक्कामाची मोजमापे

थांबण्याचा कालावधी मोजण्याची मराठीची परंपरा तर शासनव्यवहारापेक्षा कितीतरी जुनी आहे. महानुभाव पंथाने श्रीचक्रधरांच्या भ्रमणातील स्थळांची नोंद ठेवली. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' हा या नोंदींचा ग्रंथ. त्यात स्थळांची ओळख तेथील थांबण्याच्या प्रकारावरून होते : जेथे काही वेळ बसणे झाले ते 'आसन', जेथे रात्र काढली ती 'वसती', आणि जेथे दीर्घ काळ वास्तव्य घडले ते 'अवस्थान'. एका चालत्या महापुरुषाचे चरित्र त्याच्या थांबण्यांच्या आधारे लिहिणे, ही भारतीय वाङ्मयातील लक्षणीय घटना आहे. साहित्याच्या इतिहासात या ग्रंथाचा उल्लेख बहुधा गद्याचा नमुना म्हणून होतो. त्यामागील ही दृष्टी दुर्लक्षित राहते.

पंढरीच्या वारीने हाच भेद वेगळ्या शब्दांत जपला. दिवसाच्या वाटचालीतील छोटे थांबणे म्हणजे 'विसावा', रात्रीचे म्हणजे 'मुक्काम'. एक शब्द 'विश्राम'पासून आलेला, दुसरा अरबी. पण वारकऱ्याच्या तोंडी दोन्ही सारखेच घरचे.

विरामाचे आगमन

लिखाणात थांबावे कोठे, हा प्रश्न मराठीला फार काळ पडला नव्हता. पोथ्यांत दंड असत. मोडी लिपीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची. शब्दही वेगळे तोडले जात नसत. वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याला क्रियापदावरून आणि सवयीने कळे. पत्र संपले हे मात्र ठामपणे सांगावे लागे. म्हणून मजकुराच्या शेवटी छोटी मुद्रा उमटवत. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा दिसते ती यासाठीच. तिच्यापुढे कोणाला एक अक्षरही वाढवता येऊ नये, हा तिचा हेतू. म्हणजे आपला पहिला पूर्णविराम हा वाचकाला श्वास घेऊ देणारा नव्हता. तो लबाडीची वाट बुजवणारा होता.

आजची विरामचिन्हे इंग्रजीच्या वळणाने आली. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाठ्यपुस्तकांच्या द्वारे ती मराठीत रुजवली. या चिन्हांसाठी रूढ झालेला शब्द पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत वाक्याच्या शेवटच्या टिंबाला 'फुल स्टॉप' म्हणतात. मराठीत त्याला कोणी 'पूर्ण बंद' किंवा 'पूर्ण रोध' म्हटले नाही. 'विराम' हा शब्द आला. तो पाणिनीच्या परंपरेतला आहे. उच्चाराच्या शेवटी येणाऱ्या विरामाला पाणिनीने 'अवसान' ही संज्ञा दिली. 'वि' आणि 'रम्' यांच्या संयोगातून येणाऱ्या या शब्दात रमणे सोडून निवृत्त होण्याचा, स्वस्थ होण्याचा भाव आहे. चिन्ह परके, नाव मात्र असे की त्याने थांबण्याचा स्वभावच बदलून टाकला.

पुढे तारेच्या यंत्राने मूळ इंग्रजी शब्द पुन्हा आपल्यापर्यंत आणला. टिंबाऐवजी 'स्टॉप' हा शब्दच लिहिण्याची प्रथा तारेत होती. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. ज्या घरांत तार म्हणजे अशुभ वार्ता हे समीकरण होते, तेथे तार उघडण्यापूर्वीच सगळे स्तब्ध होत.

स्टँड आणि थांबा

स्वातंत्र्योत्तर काळात सामान्य मराठी माणसाच्या तोंडी 'स्टॉप' रुजवला तो बसने. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर पहिली एसटी धावली. पुढील काही दशकांत गावोगावी दोन शब्द स्थिर झाले : 'स्टॉप' आणि 'स्टँड'. लोकांनी यात भेद केला. गाडी क्षणभर टेकते तो स्टॉप. जेथे ती उभी राहते, माणसे तासन्‌तास बसतात, चहा मिळतो, तो स्टँड. महामंडळाने स्टँडसाठी 'बसस्थानक' आणि स्टॉपसाठी 'थांबा' हे शब्द दिले. 'थांबा' हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. ते नाम आहे आणि आदरार्थी आज्ञार्थही आहे. 'विनंती थांबा' ही पाटी तर आज्ञा आणि विनंती यांचा मेळ घालते. ज्या गावाला अधिकृत स्टॉप मागता येत नाही, त्या गावाच्या वाट्याला निदान विनंती येते.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर रेल्वे स्थानकावर महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा फलाटावरूनच जाते. 'स्टेशन' या शब्दाच्या मुळाशीही उभे राहणेच आहे. राज्ये बदलतात, गाडी मात्र एकाच फलाटावर दोन्ही राज्यांत उभी राहते.

संप, हरताळ, बंद, धरणे

थांबण्याच्या शब्दांना सर्वाधिक धार आली ती सामुदायिक प्रतिकारातून. 'संप' या शब्दाचा गुजरातीतील अर्थ आजही एकोपा असा आहे. मराठीतही जूट, एकमत हा अर्थ जुना आहे. काम थांबवणे हा अर्थ त्यातून निघाला. इंग्रजी 'स्ट्राइक'मध्ये आघात आहे, मराठी 'संपा'त माणसांचे एकत्र येणे आहे. रायगड जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांनी जमिनी कसणेच थांबवले. तो संप या दोन्ही अर्थांनी संप होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो 'मिटला' असे म्हणता येत नाही आणि 'चालू आहे' असेही म्हणता येत नाही. अशा स्थितीसाठी आपल्या समृद्ध यादीतही शब्द नाही.

'हरताळ'ची कथा निराळी. दुकाने बंद ठेवणे या अर्थाचा शब्द हाट आणि टाळे यांच्या संयोगातून आला. 'हरताळ फासणे' मधील हरताळ मात्र पिवळे खनिज आहे. पोथीतील चुकलेली अक्षरे त्याच्या लेपाने बुजवत असत. उच्चारसाम्यामुळे दोन्ही शब्द एकरूप झाले. 'बंद'ने पुढे हरताळाची जागा घेतली, आणि टाळे हा शब्द 'टाळेबंदी'त उरला. १९८२ पर्यंत टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवणे. मार्च २०२० मध्ये तीच सर्वांना आत ठेवण्याची संज्ञा झाली. एकाच शब्दाने अर्धशतकाच्या आत दाराची बाजू बदलली.

'धरणे' हा या यादीतील सर्वांत जुना उपाय. ऋणको दाद देत नसेल तर धनको त्याच्या दारात उपाशी बसे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाची भीती घालण्याच्या हेतूने धरणे धरून बसण्याचे उदाहरण देऊन हे कृत्य गुन्ह्यात मोजले. पुढे कर्जदाराच्या दारावरून धरणे सरकारच्या दारावर आले. दोन्ही काळांत कृती तीच : जागचे न हलणे.

अडवलेले आणि थांबलेले

या दोन कुळांतील अंतर व्याकरणापुरते नाही, हे या जिल्ह्याच्या इतिहासात दोनदा ठळकपणे दिसले आहे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि गोळीबार केला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे हुतात्मा झाले. या प्रसंगाचे वर्णन करताना 'मिरवणूक थांबली' असे लिहिणे आणि 'मिरवणूक अडवली' असे लिहिणे, यांत सत्याचाच फरक पडतो. पहिल्या वाक्यात बंदूक कोठेच दिसत नाही.

दुसरा प्रसंग नर्मदेचा. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडित क्षेत्रात आली. विस्थापितांचे पुनर्वसन तळोदा-शहादा भागात झाले. १९९५ ते १९९९ या काळात सर्वोच्च न्यायालयामुळे धरणाची उंची वाढवण्याचे काम थांबले होते, १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने त्याला पुन्हा वाट दिली, १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. 'धरण' आणि 'धरणे' हे दोन्ही शब्द 'धृ' या एकाच धातूचे. १९९९ च्या पावसाळ्यात अक्राणी तालुक्यातील डोमखेडी येथे ते समोरासमोर आले. धरणाने पाणी अडवले होते, आणि त्या चढत्या पाण्यात माणसे उभी राहिली होती. एकीकडे प्रवाह बुजवणे, म्हणजे 'स्टॉप'चा अगदी आदिम अर्थ. दुसरीकडे खांबासारखे उभे राहणे, म्हणजे 'थांबणे'चा. त्या वेळच्या बातम्यांचे मराठीत भाषांतर करणाऱ्याला दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरता आले असते, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहिले असते.

आजच्या लेखी मराठीत थांबण्याचे शब्द झपाट्याने कमी होत आहेत. 'बंद' आणि 'स्थगित' यांच्यावर बहुतेक व्यवहार चालतो, आणि तोही कर्मणी प्रयोगात : 'काम बंद करण्यात आले', 'अनुदान स्थगित करण्यात आले', 'पुनर्वसन प्रलंबित आहे'. अशा वाक्यांत कर्ता नसतो. 'रखडवले', 'अडवून धरले', 'थकवले' ही क्रियापदे वापरली की 'कोणी?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कदाचित म्हणूनच ती कार्यालयीन भाषेतून गेली असावीत. बोलीत ती अजून आहेत. गावातील माणूस 'माझी मजुरी थकवली' म्हणतो, 'मजुरी प्रलंबित आहे' म्हणत नाही.

भाषांतराच्या तासाला 'स्टॉप'चे समानार्थी शब्द पाठ करून घेण्यापेक्षा एक वेगळा सराव अधिक उपयोगी पडेल. वृत्तपत्रातील थांबण्याचे कोणतेही एक वाक्य घ्यावे आणि विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारावेत : येथे कोण उभे राहिले आहे, आणि कोणाला कोणी अडवले आहे? उत्तर मिळाले की क्रियापद मराठीत आपोआप सापडते. आणि उत्तर मिळत नसेल, तर ते वाक्य लिहिणाऱ्याने काय झाकले आहे, याचा शोध तेथून सुरू करता येतो.